मोरीत पाय घसरू नये म्हणून

झाई हे तलासरी तालुक्यातले, गुजरातच्या सीमेजवळचे किनाऱ्यावरचे गाव. समुद्राची दमट हवा, त्यात पावसाळा. अशा गावांत मोरीची फरशी लवकर वाळत नाही, शेवाळ धरते. त्यावर साबणाचे पाणी सांडले की तरुणाचाही पाय सरकतो. मग सत्तरीच्या आजीचे काय?

म्हातारपणी हाडे ठिसूळ होतात. एकदा पडले तरी खुब्याचे हाड मोडू शकते. माणूस अंथरुणाला खिळतो आणि घरातल्या कुणालातरी मजुरी बुडवून जवळ बसावे लागते. “वय झाले, पडायचेच” हे आम्हाला मान्य नाही. बरेचसे पडणे टाळता येते.

पहिली गोष्ट आडोशाची. कुणी पाहू नये म्हणून अनेक आया-आज्या पहाटे अंधारातच अंघोळ उरकतात. पक्का आडोसा आणि एक दिवा, एवढ्यानेही पडण्याचा धोका कमी होतो.

घरी एवढे करा :

• आठवड्यातून एकदा मोरी खराट्याने घासा. अंघोळीनंतर पाणी निपटून काढा.

• पाटावरून उठताना तोल जातो. पायांना रबरी टोप्या असलेले, न डगमगणारे स्टूल ठेवा.

• धरायला पक्क्या भिंतीत स्टीलचा दांडा बसवा. खाऱ्या हवेत लोखंड गंजते. भिंत पत्र्याची किंवा कुडाची असेल, तर जमिनीत खांब रोवा. महिन्यातून एकदा ओढून पाहा.

• बादलीत आधी गार पाणी, मग गरम. मधुमेहात पायाला चटका कळत नाही, म्हणून पाणी घरातल्या दुसऱ्याने हात घालून पाहावे.

• गरम पाण्याने आणि बीपीच्या गोळीने उठताना चक्कर येऊ शकते. अंघोळ झाल्यावर थोडे बसून मग सावकाश उठावे.

• आतून कडी लावू नये. बाहेरून उघडता येईल असे दार किंवा जाड पडदा ठेवा.

कुणी पडलेच, तर हात धरून ओढू नका. पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसला, तर चोळू नका, चालवू नका. १०८ ला फोन करा. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, तर बरे वाटत असले तरी दवाखान्यात न्या.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षे पूर्ण झालेल्या, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्या पात्र ज्येष्ठांना एकरकमी ३००० रुपयांची तरतूद आहे. त्यातून वॉकर किंवा कमोड खुर्ची घेता येते. जिल्ह्याच्या समाज कल्याण कार्यालयात चौकशी करा. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आहे.

येत्या सुट्टीच्या दिवशी मोरी घासायला घरातल्या तरुण मुलांनीच खराटा हातात घ्यावा.