भांड्यांचे यंत्र आणि आमची मोरी

भांडी घासणे हा काही वार्षिकांकात लिहिण्याचा विषय नव्हे, असे माझ्या मित्रांचे मत पडले. पण गेल्या वैशाखात आईच्या उजव्या मनगटाची शस्त्रक्रिया झाली, तीन महिने हात पाण्यात घालायचा नाही असे डॉक्टरांनी बजावले, आणि आठ माणसांच्या खरकट्या भांड्यांचा ढीग कोणतीही चर्चा न होता माझ्या बहिणीपुढे जाऊन बसला. तिची परीक्षा तोंडावर होती. माझीही होती, परंतु माझ्याकडे कोणी पाहिलेसुद्धा नाही. पुण्याच्या मामाने ही हकीकत ऐकली आणि टेंपोतून भांडी धुण्याचे यंत्र पाठवून दिले. ते बसवून देणारा माणूस यावयास पंधरा दिवस लागतील असे कळले, म्हणून मी आणि काकांनी पुस्तिका वाचून ते स्वतःच बसवावयाचे ठरविले. त्या खटपटीत जे समजले ते येथे लिहीत आहे.

या यंत्राला लोक नवलाई समजतात, पण ते जुने आहे. १८५० साली अमेरिकेत जोएल हॉटन याने हाताने फिरवायच्या लाकडी यंत्राचे पेटंट घेतले होते. खऱ्या अर्थाने उपयोगी यंत्र मात्र जोसेफिन कॉक्रेन या बाईंनी केले. त्यांचे पेटंट १८८६ चे, आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते यंत्र मांडले गेले. ब्रशाने घासण्याऐवजी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने भांडे धुवावयाचे, ही त्यांची कल्पना आजही कायम आहे. आपल्याकडे २०२० च्या टाळेबंदीत कामाच्या बायका येईनाशा झाल्या तेव्हा शहरांतून त्याला एकदम मागणी आली.

आमचे घर शिरगावात, जांभ्याचे, कौलारू. मागीलदारी मोरी आणि तिच्या पलीकडे आगर. अशा घराची कल्पना यंत्र करणाराने केलेली नसते. यंत्राला तीन गोष्टी लागतात : पाणी आत, पाणी बाहेर, आणि वीज. ऐकावयास सोपे आहे.

प्रथम पाणी. पाऊण इंची नळाला यंत्राची नळी लागली, बटण दाबले, आणि थोड्याच वेळात नळाचे चिन्ह लुकलुकू लागले. नळाला पाणी तर येत होते! पुस्तिका पाहिली तेव्हा उलगडा झाला. यंत्राला किमान ०.५ बार इतका दाब हवा होता. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार भरतो. म्हणजे टाकी नळापासून निदान पाच मीटर उंच पाहिजे. आमची टाकी न्हाणीघराच्या स्लॅबवर, जेमतेम तीन मीटरवर. बादली भरावयास तो दाब पुरेसा असतो, म्हणून आजवर कोणाला उणीव भासली नव्हती. शेवटी टाकीखालच्या नळीवर दाब वाढविणारा छोटा पंप बसविला. इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारांना ही अडचण येत नाही. वरच्या मजल्यावर, टाकीच्या लगत राहणारांना येते.

मग बाहेर जाणारे पाणी. मोरीचे तोंड जमिनीलगत असल्याने मी नळी सरळ तिथे सोडून दिली. यंत्र पाणी भरी आणि ते आपोआप वाहून जाई. पिंपातले रॉकेल नळीने काढताना जे घडते तेच हे. नळीचे टोक खाली असले की पाणी एकदा ओघाला लागले म्हणजे थांबत नाही. त्यासाठी नळी निदान चाळीस सेंटिमीटर उंच उचलून, मग एका रुंद उभ्या पाइपात सोडावी लागते. पाइपाचे तोंड मात्र बुजवू नये. हवा खेळती राहिली नाही तर ओघ पुन्हा सुरू होतो.

तिसरी गोष्ट विजेची, आणि येथे थट्टा संपते. पाणी तापविताना यंत्र दोन हजार वॅटच्या वर वीज घेते. त्याला पंधरा-सोळा अँपिअरचा वेगळा सॉकेट हवा. तो स्वयंपाकघरात होता. पहिल्या दिवशी बहिणीने ओल्या हाताने दाराच्या कडेला स्पर्श केला आणि ती ओरडली, "दादा, झिणझिण्या येतात!" काकांनी मेन स्विच बंद केला. सॉकेटला तिसरे भोक होते, पण त्यामागे तारच जोडलेली नव्हती. अशा यंत्रात विजेचा गोंगाट गाळणारे घटक असतात. त्यांतून किंचित वीज पत्र्यावर येते आणि ती अर्थिंगच्या वाटेने जमिनीत जावी अशी योजना असते. वाट नसली की ती माणसातून जाते. आज झिणझिण्या, आतील तापकाची वीज पत्र्यावर उतरली असती तर काय झाले असते, हे लिहवत नाही.

नळजोडणी घरी करावी. हे काम मात्र परवाना असलेल्या वायरमनचेच. त्यातून आपला जांभा. पावसाळ्यात स्पंजासारखा पाणी पितो आणि एप्रिलात कोरडा ठणठणीत होतो. कोरड्या दगडातून वीज सहजी जमिनीत शिरत नाही. वायरमनने जागा निवडली ती आगराच्या कडेची, जिथे माती खोल होती. नळीभोवती कोळसा आणि मीठ यांचे थर घातले, तरी मीटरवरचा आकडा पाच ओहमच्या आत येईना. म्हणून दुसरा खड्डा खणून दोन्ही जोडले. उन्हाळ्यात त्या खड्ड्यांत आठवड्यातून कळशीभर पाणी ओतणे माझ्याकडे आहे. शिवाय तीस मिलिअँपिअर गळती होताच वीज तोडणारा स्विच बसविला.

मिठाचा आणखी एक खड्डा यंत्राच्या पोटातही असतो. पाण्यातला चुना काढून घेणारी राळ पुन्हा ताजी करण्यासाठी ते मीठ लागते. देशावर बोअरचे पाणी जड, तिथे ते भराभर संपते. आमच्या विहिरीचे पाणी कागदी पट्टीवर मऊ निघाले, म्हणून आकडा सर्वांत खाली ठेवला. आजी म्हणाली, "म्हणजे आपल्या पाण्याला यंत्रानेही नावे ठेवली नाहीत."

एक चूक उशिरा ध्यानात आली. मोरीचे पाणी पूर्वापार अळूला आणि केळीला जाते. यंत्राच्या पाण्यात क्षार आणि सोडिअम. महिन्याभरात अळूची पाने कडेने करपली. आता ते पाणी वेगळ्या शोषखड्ड्यात सोडले आहे.

ॲल्युमिनिअमची पातेली यंत्रात काळी पडतात, बिडाचा तवा गंजतो आणि कल्हईची भांडी तर आजी त्याच्या जवळपासही नेऊ देत नाही. स्टीलची ताटे, वाट्या, पेले यंत्रात जातात. उरलेली पितळी आणि बिडाची भांडी मागीलदारी राख आणि सोडण घेऊन घासावी लागतात. सध्या ती मी घासतो. पहिल्या दिवशी टोपाचा तळ पाहून आजीने तो परत दिला होता.