खाचरातले आर्सेनिक
(माती, पाणी, पीक : लेखांक ६)

धुळे जिल्ह्यात साक्रीच्या पश्चिमेला, पिंपळनेरपलीकडच्या डोंगरपट्ट्यात भाताची खाचरे लागतात. तिथले एखादे रोप उपटून मुळे धुऊन पाहा, त्यांवर तांबूस थर दिसेल. तो खरोखरच गंज आहे. चिखलात हवा नसते, म्हणून भात पानांतली हवा मुळांपर्यंत खाली उतरवतो. त्यातला थोडा प्राणवायू बाहेर झिरपतो आणि चिखलात विरघळलेले लोह मुळावर थर धरते. आर्सेनिकचा बराच भाग या थरातच अडकतो, पण सगळा नाही.

ज्वारी-कापसाच्या हवेशीर जमिनीत आर्सेनिक लोहाच्या कणांना चिकटून बसते. तिथे त्याचे रूप आर्सेनेटचे असते आणि मुळात शिरलेच तर ते स्फुरदाच्या वाटेने शिरते. खाचरात पाणी तुंबले की लोह विरघळते, आर्सेनिक सुटते आणि त्याचे आर्सेनाइट होते. खरी अडचण इथे सुरू होते.

भाताला सिलिकॉन भरपूर लागते. पाते उलटे ओढले की बोट कापते ते त्यामुळेच. ताटाचा ताठपणा आणि करप्याशी झुंजण्याचे बळही त्याचेच. सिलिकॉन आत घेणारी दोन प्रथिने जपानमधल्या ओकायामा विद्यापीठाच्या जियान फेंग मा यांच्या गटाने २००६ आणि २००७ मध्ये शोधली. आर्सेनाइटही त्याच दारांनी आत येते, हे त्याच गटाने २००८ मध्ये दाखवले. विरघळलेल्या सिलिकॉनशी त्याचे इतके साम्य आहे की मुळाला फरक कळत नाही. यात पिकाला दोष देणे मला पटत नाही. त्याचे बळ आणि त्याचा धोका एकाच वाटेवर आहेत.

आत आल्यावर भात स्वस्थ बसत नाही. आर्सेनेटचे तो आर्सेनाइट करतो, त्यातले काही मुळातून परत मातीत सोडतो, उरलेले गंधकयुक्त रेणूंना बांधून पेशींतल्या रिक्तिकांत कोंडतो. खोडाच्या पेरांतही अशी कोठारे असतात, त्यामुळे दाण्यापर्यंत कमी पोचते. आर्सेनिकला मिथाइल गट जोडण्याचे काम मात्र मातीतले जिवाणू करतात. हे संयुग दाण्यात सहज जाते. माणसाला ते असेंद्रिय आर्सेनिकपेक्षा कमी घातक, पण जास्त झाले तर दाणे पोचट राहतात आणि वजनाअभावी लोंबी वाकत नाही.

खानदेशच्या बेसॉल्टमध्ये आर्सेनिक मुळात थोडे. गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडमधल्या कौडीकसा परिसरात आणि पश्चिम बंगालमध्ये ते भूजलातच आहे. जळगाव-धुळ्याच्या ताटातला बराचसा तांदूळ बाहेरून येतो, म्हणून हा विषय आपलाही.

खाचर अधूनमधून सुकू दिले तर दाण्यातले आर्सेनिक घटते. मात्र फार सुकवले तर कॅडमियम सुटे होऊन आत जाते. स्वयंपाकघरातला उपाय जुनाच आहे : तांदूळ धुऊन, भरपूर पाण्यात शिजवून, भात वेळायचा. यासाठी पाणी निर्मळ हवे, लिटरमागे १० मायक्रोग्रॅमहून कमी आर्सेनिकचे. पाण्यातच ते असेल तर शिजताना भात ते शोषून घेतो.