रात्र नीट, तर सकाळ सोपी

शाळेची रिक्षा दारात येऊन उभी आहे आणि नऊ वर्षांची मुलगी अजून पलंगाच्या कडेवरच बसलेली. गुडघा सरळ होत नाही, बोटांत ब्रश धरवत नाही. तासाभराने तीच मुलगी घरभर फिरू लागते आणि कुणीतरी म्हणतं, ‘शाळा चुकवायचे बहाणे!’ पण हा बहाणा नसतो.

वयाच्या सोळाव्या वर्षाआधी सुरू झालेला, सहा आठवडे किंवा त्याहून जास्त टिकलेला आणि ज्याचं कारण सापडत नाही, अशा संधिवाताला डॉक्टर जेआयए म्हणतात. सकाळी सांधे आखडणं ही त्याची ओळखीची खूण. दाह आवरणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असतं आणि पहाटे वाढू लागतं. त्याच काळात दाह वाढवणारी रसायनं जोर धरतात. त्यात रात्रभर हालचाल नसते. कूस बदलताना सांधा ठणकतो, जाग येते. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी दुखणं सोसण्याची ताकद कमी होते आणि तेच दुखणं पुढची रात्रही मोडतं. हे चक्र तोडायचं, तर तयारी दिवसापासूनच करावी लागते.

दिवसा : फिजिओथेरपिस्टने सांगितलेले व्यायाम, झेपेल तेवढं खेळणं आणि सकाळचं ऊन चुकवू नये. दमून आलेलं मूल संध्याकाळी दोन तास झोपलं, तर रात्री त्याचा डोळा लागत नाही. दुपारीच अर्धा तास पडू द्यावं.

औषधं : स्टिरॉइड चालू असेल तर ते सहसा सकाळी देतात, कारण उशिरा घेतल्यास झोप उडू शकते. मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच द्यायचं असतं. त्याने मळमळ होत असेल, तर वार आणि वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवावी. पहाटेचं आखडणं फार असेल, तर वेदनाशामकाची वेळ बदलता येईल का, हेही विचारावं. डोस मात्र आपल्या मनाने बदलू नये.

झोपण्याआधी : कोमट पाण्याने अंघोळ, सैल कपडे, सांगितला असेल तर स्प्लिंट. गुडघा दुखतो म्हणून आपण प्रेमाने त्याखाली उशी सरकवतो. त्या क्षणी बरं वाटतं, पण रात्र रात्र वाकलेला राहिलेला गुडघा पुढे सरळ होईनासा होतो. मोबाइल तासभर आधी बाजूला ठेवावा. मग अंग ताणून सैल सोडण्याचा खेळ खेळावा : पावलांपासून कपाळापर्यंत एकेक भाग हलकेच आवळायचा आणि सोडायचा. सुजलेला सांधा वगळायचा.

वेळ : सहा ते बारा वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास झोप लागते, तेरा ते अठरा वयात 8 ते 10 तास. उठायची वेळ रविवारीही फारशी हलवू नये. शाळेच्या दिवशी आखडलेले सांधे मोकळे व्हायला अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवून गजर लावावा.

मध्यरात्री : जाग आली की काय करायचं, हे मुलाबरोबर दिवसाच ठरवून ठेवावं : पाणी, कूस बदलायला मदत, डॉक्टरांनी सांगितला असेल तर शेक, दोन शब्द. मोठा दिवा, टीव्ही, खाऊ नको. नाहीतर जागरणाचीच सवय लागते.

या घरात आणखी कुणाची तरी झोप उडालेली असते. हुंकार आला का, म्हणून आई कान टवकारून पडलेली असते. आज आई, उद्या बाबा, परवा आजी, अशा पाळ्या लावाव्यात. ज्याची पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत खुशाल झोपावं. थकलेल्या माणसाला औषधांच्या वेळा आणि व्यायाम सांभाळणं जड जातं.

मोठ्याने घोरणं, श्वास अडकणं, हाडं दुखून रोज रात्री जाग येणं, ताप किंवा वजन घटणं दिसलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

बाकीच्यांनी आजच एक वही करावी. झोपल्याची वेळ, किती वेळा जाग आली, सकाळी सांधे किती मिनिटं आखडले होते, एवढंच दोन आठवडे लिहावं. तपासणीला फाइलबरोबर ती वहीही न्यावी आणि डॉक्टरांनी विचारलं नाही, तरी तिच्यातली पानं त्यांच्यापुढे उघडावीत.