आशेला पुरावा मागणारी माणसं

मुलाला स्वमग्नता आहे, असं निदान झालं की आठवड्याभरात घरी सल्ले येऊ लागतात. कुणी गहू आणि दूध बंद करायला सांगतं. कुणी शरीरातला पारा काढणाऱ्या औषधाचं नाव देतं. कुणी ऑक्सिजनच्या बंद कक्षात बसवायला सुचवतं, तर कुणी मूळ पेशींच्या इंजेक्शनांसाठी पैसे जमवायला लावतं. प्रत्येक सल्ल्यामागे सुधारलेल्या एखाद्या मुलाची गोष्ट असते आणि ती सांगणारा माणूस बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो. त्यामुळेच नाही म्हणणं जड जातं. लहान मुलं वाढतात, बदलतात, नवे शब्द शिकतात. त्या काळात जे काही चालू असेल, त्याला श्रेय मिळून जातं.

हे श्रेय खरोखर कुणाचं, हा प्रश्न विचारायला शिकवणारी एक छोटी संस्था अमेरिकेत आहे. तिचं नाव असोसिएशन फॉर सायन्स इन ऑटिझम ट्रीटमेंट, ओळखीच्या वर्तुळात ‘एसॅट’. १९९८ साली काही पालक आणि तज्ज्ञांनी एकत्र येऊन ती उभी केली. कॅथरीन मॉरिस या टोपणनावाने लिहिणारी एक आई संस्थापकांमध्ये होती. आपल्या दोन स्वमग्न मुलांच्या शिकण्याची हकिगत तिने १९९३ मध्ये पुस्तकरूपाने मांडली होती. संस्था स्वतः उपचार करत नाही, दवाखाना चालवत नाही आणि कुठली गोळी विकत नाही. कोणत्या उपचाराला कितपत पुरावा आहे, हे सांगणं एवढंच तिचं काम. ते बऱ्याच अंशी स्वयंसेवकांच्या बळावर चालतं. त्यांतल्या बाहेरून येणाऱ्या, शिकता शिकता काम करणाऱ्यांना ‘एक्स्टर्न’ म्हणतात.

१९९८ साल

संस्थेचं जन्मवर्ष लक्षात ठेवण्याजोगं आहे. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड यांचा १२ मुलांवरचा निबंध छापून आला आणि स्वमग्नतेचं कारण म्हणून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीवर संशयाचं सावट पडलं. नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला २०१० मध्ये. मधल्या बारा वर्षांत किती आई-वडिलांनी लस टाळली आणि किती जणींनी स्वतःला दोष दिला, याचा हिशेब कुणी मांडू शकणार नाही.

त्याच वर्षी सिक्रेटिन गाजलं. हे पचनसंस्थेतलं एक संप्रेरक, स्वादुपिंडाच्या तपासणीसाठी टोचलं जाई. त्या तपासणीनंतर तीन स्वमग्न मुलांचं बोलणं आणि वागणं सुधारल्याची नोंद प्रसिद्ध झाली, अमेरिकन दूरचित्रवाणीने ती घरोघरी पोहोचवली आणि औषधासाठी पालकांची रीघ लागली. पुढच्याच वर्षी ६० मुलांवर रीतसर चाचणी झाली. काहींना सिक्रेटिन, काहींना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळालं, हे ना पालकांना ठाऊक, ना तपासणाऱ्यांना. सुधारणा दोन्ही गटांत दिसली आणि त्यांच्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता.

त्या अहवालातली एक नोंद मला या संपूर्ण विषयाच्या मुळाशी असल्यासारखी वाटते. निकाल सांगितल्यावरही ६९ टक्के पालकांना सिक्रेटिन हवंच होतं. या पालकांना अडाणी म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांच्यापुढे कुणीतरी एक आशा ठेवली होती, नंतर ती काढून घेतली आणि तिच्या जागी दुसरं काहीच ठेवलं नाही. पुरावा सांगायचा तर तो कसा सांगायचा, ही वेगळीच विद्या आहे. ‘रिअल सायन्स, रिअल होप’ हे एसॅटचं ब्रीद त्याच अनुभवातून आल्यासारखं वाटतं. खोटी आशा काढताना खरी आशा हातात द्यावी लागते.

एक्स्टर्न काय करतो

एक्स्टर्न होण्यासाठी अमेरिकेला जावं लागत नाही. विद्यार्थी, शिक्षक, थेरपिस्ट, पालक अशी मंडळी वेगवेगळ्या देशांतून आपापल्या घरी बसून हे काम करतात. त्याचे पैसे मिळत नाहीत. अनुभवी माणसाच्या हाताखाली एखादी जबाबदारी घ्यायची आणि ती पार पाडायची. कुणी संस्थेच्या वार्तापत्राला हातभार लावतो, कुणी समाजमाध्यमांवरचा मजकूर तयार करतो, कुणी संशोधनाचे सारांश लिहायला मदत करतो, कुणी बातम्यांवर लक्ष ठेवतो.

सारांश लिहिणं दिसतं तेवढं सोपं नाही. निबंध हातात घेतला की प्रश्नांची रांग लागते. मुलं किती होती? उपचार कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं की पालकांच्या इच्छेने? मोजमाप करणाऱ्याला कुणाचा गट कोणता, हे माहीत होतं का? फरक किती दिवस टिकला? दुष्परिणाम नोंदवले का? खर्च कुणी केला? आणि जे मोजलं, ते मुलाच्या रोजच्या जगण्यात उपयोगी आहे का? एवढं तपासून झाल्यावर, रात्री मूल झोपल्यानंतर थकून वाचायला बसलेल्या आईला समजेल अशा भाषेत ते चार परिच्छेदांत मांडायचं.

बातम्यांवर लक्ष ठेवणाऱ्या उपक्रमाचं नाव ‘मीडिया वॉच’. स्वमग्नतेवरच्या उपचारांची बातमी आली की संस्था पत्रकाराला आणि संपादकाला पत्र लिहिते. बातमी चुकीची असेल तर चूक दाखवते आणि नेमकी असेल तर कौतुकही कळवते. मला हा दुसरा भाग फार मोलाचा वाटतो. नीट काम केल्याची पावती मिळाली की तो पत्रकार पुढच्या वेळीही नीट काम करतो. अशी पत्रं लिहिताना नव्या माणसाला संयम शिकावा लागतो. ज्या कुटुंबाची गोष्ट बातमीत आली, त्याच्या दुःखाला धक्का लागता कामा नये आणि दाव्यालाही मोकळं सोडता कामा नये.

टंकलेखन कुणाचं?

इतका खटाटोप कशाला, याचं उत्तर ‘फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन’च्या इतिहासात आहे. न बोलणाऱ्या व्यक्तीचा हात धरून तिला कळफलकावर टंकायला मदत करायची, ही पद्धत १९९० च्या सुमारास ऑस्ट्रेलियातून अमेरिकेत पोहोचली. ज्यांच्या तोंडून कधी शब्द ऐकला नव्हता, ती मुलं वाक्यंच्या वाक्यं लिहू लागली. आई-वडिलांना काय वाटलं असेल, याची कल्पना करता येते.

मग न्यूयॉर्क राज्यातल्या एका केंद्रात साधी परीक्षा झाली. १२ व्यक्तींना आणि त्यांचा हात धरणाऱ्यांना चित्रं दाखवली, पण कधी दोघांना एकच चित्र, तर कधी वेगवेगळी. चित्रं वेगळी असली की त्या व्यक्तीने पाहिलेल्या चित्राचं नाव एकदाही बरोबर आलं नाही. शब्द हात धरणाऱ्याचे होते आणि त्याला स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं. १९९४ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने या पद्धतीला वैज्ञानिक आधार नसल्याचा ठराव केला. तोवर अशा टंकलेखनातून आलेल्या लैंगिक अत्याचाराच्या आरोपांनी काही घरं मोडली होती. त्याहून खोल इजा म्हणजे, त्या मुलांचा स्वतःचा आवाज शोधायचा राहून गेला. चित्रं देऊन मागणी करायला शिकवता आलं असतं, बोलणारं यंत्र देता आलं असतं. ती वर्षं परत येत नाहीत.

पुढे शरीरातले जड धातू काढणाऱ्या ‘किलेशन’ उपचारात २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियात पाच वर्षांचा एक मुलगा दगावला. ब्लीचसारखं रसायन ‘चमत्कारी द्रावण’ म्हणून मुलांना पाजणाऱ्यांविरुद्ध अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला वारंवार इशारे द्यावे लागले. ‘करून तर बघू, नुकसान काय?’ या वाक्यातलं नुकसान हे असं असतं.

आरसा स्वतःलाही

एसॅटचा कल उपयोजित वर्तन-विश्लेषणाकडे, म्हणजे एबीएकडे आहे. कौशल्याचे लहान टप्पे करायचे, जमलेल्या टप्प्याला दाद द्यायची, प्रत्येक प्रयत्नाची नोंद ठेवायची, अशी ही रीत. तिची कीर्ती पसरली ती ओले इवार लोव्हास यांच्या १९८७ च्या निबंधाने. सखोल शिकवणी मिळालेल्या १९ पैकी ९ मुलांनी पहिलीचा वर्ग सर्वसाधारण मुलांसारखा पार केला, असं त्यांनी नोंदवलं. पण मुलांचे गट चिठ्ठ्या टाकून केलेले नव्हते आणि त्या काळच्या शिकवणीत दरडावणं, चापट मारणंही होतं. आज मोठी झालेली अनेक स्वमग्न माणसं सांगतात की आम्हाला इतरांसारखं दिसायला शिकवलं, पण आम्हाला काय हवं हे कुणी विचारलं नाही. २००६ मध्ये अमेरिकेत स्वमग्न व्यक्तींनी स्वतःच चालवलेली संघटना उभी राहिली ती हेच सांगण्यासाठी. २०२० साली १५० अहवाल एकत्र तपासणाऱ्या एका मोठ्या अभ्यासानेही या क्षेत्रातल्या संशोधनाचा दर्जा उंचावण्याची गरज दाखवून दिली.

विज्ञानाची बाजू घेणाऱ्याने हे सगळं ऐकलं पाहिजे, असं मी ठामपणे म्हणेन. सिक्रेटिनला विचारलेले प्रश्न एबीएलाही विचारायचे, आणि ‘उपयोग झाला’ म्हणजे नेमकं काय, हे ठरवताना स्वमग्न माणसांना सोबत बसवायचं. आवडत्या पद्धतीला सवलत दिली की विज्ञानाचा पंथ होतो.

गोव्यातला धडा

असा पुरावा फक्त श्रीमंत देशांतच तयार होतो, हा समज गोव्याने खोटा ठरवला आहे. ‘संगत’ या संस्थेतल्या गौरी दिवाण आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधली पालकांना सोबत घेणारी एक पद्धत इथल्या घरांसाठी बेतली. गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी अशा दोन ठिकाणी ६५ मुलांवर चिठ्ठ्या टाकून चाचणी घेतली. तिचा निबंध २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’मध्ये आला. शिकवणाऱ्या होत्या प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्य कार्यकर्त्या, तज्ज्ञ नव्हेत. आई-वडील मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुलं स्वतःहून संवाद सुरू करू लागली. पालक आणि मूल या दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर राहण्याचा वेळ मात्र कमी झाला, हेही संशोधकांनी त्याच निबंधात लिहून ठेवलं. मनासारखं न आलेलंही छापणं, ही सच्च्या विज्ञानाची खूण.

आपल्याकडे याची निकड मोठी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्वमग्नतेसाठी मूळ पेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करता येत नाही, तरीही शहरोशहरी त्याच्या जाहिराती झळकत राहिल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेला २१ दिव्यांगत्वांमध्ये स्थान दिलं. पण हक्क मिळालेल्या पालकाला मराठीत भरवशाची माहिती शोधायला आजही वणवण करावी लागते.

महाराष्ट्राला कार्यकर्त्यांची उणीव नाही. बुवाबाजीला प्रश्न विचारणारी पिढी इथे गावोगाव घडली. स्वमग्नतेच्या उपचारांचा दावा पांढरा कोट घालून येतो, एवढाच फरक. एसॅटच्या एक्स्टर्नकडून उचलण्यासारखं आहे ते हे की, या कामाला पदवीपेक्षा शिस्त जास्त लागते. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने महिन्याला एका निबंधाचा सोप्या मराठीत सारांश करावा. विशेष शाळेतल्या बाईंनी पालकसभेत तो वाचून दाखवावा. वर्तमानपत्रात चमत्काराची बातमी आली तर संपादकांना सभ्य, नेमकं पत्र जावं, आणि चांगली बातमी आली तर तेही जावं. मराठी स्वमग्न तरुणांनी यातलं काय पटतं, काय खुपतं, ते सांगावं. आई-वडिलांचे पैसे कर्ज काढून पुन्हा उभे करता येतात, मुलाचं तिसरं-चौथं वर्ष पुन्हा उभं करता येत नाही. ते वाचवण्यासाठी आठवड्याचे दोन तास देणारी पन्नास माणसं मराठीत सहज मिळतील. त्यांना एकत्र आणायचं काम कुणीतरी हाती घ्यायला हवं.