शून्य कॅलरीचे पेय आणि कुपोषणाचा प्रदेश

‘डाएट’ शीतपेयांत साखरेऐवजी ॲस्पार्टेम, सुक्रालोज यांसारखी कृत्रिम गोडवा देणारी द्रव्ये वापरतात; ॲस्पार्टेम साखरेच्या सुमारे २०० पट गोड असल्याने त्याची अत्यल्प मात्रा पुरते आणि पेयातील ऊर्जा, म्हणजेच कॅलरी, जवळपास शून्यावर येते. साध्या कोलाच्या ३०० मिलिलिटरमध्ये तीसएक ग्रॅम साखर असते, त्यामुळे अल्पकालीन प्रयोगांत या बदलाने वजन थोडे घटते यात नवल नाही; परंतु दीर्घकालीन निरीक्षणांत हा लाभ टिकत नाही, उलट मधुमेह व हृदयविकाराशी संबंध आढळतो, जरी मुळात स्थूल असलेली माणसेच ही पेये अधिक निवडत असल्याने कारण कोणते व परिणाम कोणता, हे ठरवणे कठीण जाते. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजन-नियंत्रणासाठी ही द्रव्ये वापरू नयेत, अशी सशर्त शिफारस केली. आधीच मधुमेह असलेल्यांना मात्र ती लागू नाही.

पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या आदिवासी तालुक्यांत हा हिशेबच उलटा होतो. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील १९९२-९३ च्या कुपोषणामुळे झालेल्या बालमृत्यूंनी राज्याला हादरवले, तेव्हापासून येथील चर्चा वजन वाढवण्याची आहे. बालकाचे पोट लहान असते, त्यामुळे ते डाएट पेयाने भरले तर अन्नाची जागा अडते आणि ऊर्जा काहीच मिळत नाही. साखरेचे पेय ऊर्जा देते, पण प्रथिने वा लोह नाही. याउलट येथील डोंगरउतारांवर पिकणाऱ्या नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते.