पाणवठ्यावरची पौर्णिमा

चैत्र सरत आला की वाशीम जिल्ह्यातील रिठदच्या शिवाराचे रूप पालटते. तुरीची व हरभऱ्याची खळी केव्हाच उरकलेली असतात. नांगरलेल्या काळ्या मातीची ढेकळे उन्हात तापत पडतात. धुऱ्यावरच्या कडुनिंबाला बारीक पांढरा मोहर येतो आणि पळसाची केशरी फुले गळून त्यांच्या जागी चपट्या शेंगा लोंबू लागतात. पंचांगाप्रमाणे हा वसंत ऋतू होय; चैत्र व वैशाख हे त्याचे दोन महिने. परंतु विदर्भातील वसंत फुलांबरोबर कोरडही घेऊन येतो. नाले आटतात, विहिरींचे पाणी खोल जाते. माणूस दोर लांबवतो किंवा मोटार खाली सोडतो. रानातल्या जनावरांना असे साधन नाही. उरल्यासुरल्या पाण्याकडे चालत जाणे एवढेच त्यांच्या हाती असते.

नेमक्या ह्याच दिवसांत महाराष्ट्राचे वन खाते सामान्य लोकांना रानात बोलाविते. वैशाखी पौर्णिमेला, म्हणजे बुद्धपौर्णिमेला, मेळघाटात आणि राज्यातील इतर अनेक अभयारण्यांत पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर बसून लोक रात्रभर जनावरे मोजतात. अलीकडे ह्या उपक्रमास ‘निसर्गानुभव’ असे नाव दिले गेले आहे. गावोगावच्या विहारांत दिवे लागलेले असतात, खीरदान चाललेले असते, आणि त्याच चांदण्यात कोठेतरी सागाच्या रानात दोन माणसे श्वास रोखून एका डबक्याकडे पाहत असतात.

मेळघाट अमरावती जिल्ह्यात आहे. १९७३ साली देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ रानांपैकी ते एक. पण रिठदच्या मुलांना अभयारण्य पाहण्यासाठी एवढ्या लांब जाण्याची गरज नाही. उत्तरेकडे, वाशीम व अकोला ह्या जिल्ह्यांच्या सीमेवर, काटेपूर्णा अभयारण्य आहे. महान येथे काटेपूर्णा नदीवर धरण बांधलेले आहे. त्याच्या जलाशयाभोवतीचे हे रान १९८८ मध्ये राखीव झाले. चौशिंगा नावाचे लहानखुरे हरीण तेथे आढळते. चार शिंगे असलेला असा रानटी प्राणी जगात दुसरा नाही. खुद्द वाशीम जिल्ह्यात कारंजा-सोहोळ येथे काळविटांसाठी राखलेले अभयारण्य आहे. ते लहान आहे, सुमारे १८ चौरस किलोमीटरांचे. काळवीट गवताळ माळावर राहणारा असल्यामुळे हे अभयारण्यही माळरानाचेच आहे. अभयारण्य म्हटले की घनदाट झाडी असलीच पाहिजे अशी अनेकांची समजूत असते, तिला कारंज्याचे उदाहरण हे चांगले उत्तर होय.

मोजणीसाठी वैशाखी पौर्णिमाच का निवडावी? कोजागरीचे चांदणे काही कमी नसते. परंतु आश्विनात रानातील प्रत्येक ओहळात पाणी असते, त्यामुळे जनावर कोठेही पिते व कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. आषाढात आकाश ढगांनी झाकलेले असते. वैशाखात मात्र पाणी थोडे आणि उजेड भरपूर असा दुहेरी योग येतो. पौर्णिमेला सूर्य व चंद्र पृथ्वीच्या विरुद्ध बाजूंस असतात, म्हणून सूर्य मावळण्याच्या सुमारास चंद्र उगवतो आणि पहाटे सूर्य उगवण्याच्या सुमारास तो मावळतो. निरीक्षकाला सबंध रात्रीचा दिवा फुकट मिळतो. उन्हाच्या तडाख्यात बहुतेक मोठी जनावरे दिवसरात्रीतून एकदा तरी पाण्यावर येतात. म्हणून चोवीस तास पाण्यावर पहारा ठेवला तर त्यांची गाठ पडेल, असा हा हिशेब आहे.

दुपार कलली की वनरक्षक एकेका जोडीला तिच्या मचाणावर पोहोचवितो. भडक कपडे नकोत, अत्तर नको, कुजबुजही नको. वाऱ्याबरोबर वास गेला की सांबर आल्या पावली परतते. सोबत पाणी, कोरडी शिदोरी आणि एक छापील तक्ता. तक्त्यात वेळ, प्राण्याचे नाव, संख्या, नर-मादी-पिल्ले आणि शेरा असे रकाने असतात.

सूर्यास्तापूर्वी मोर येतात व झाडावर चढून बसतात. मग बराच वेळ काहीच घडत नाही. रातव्याचा ठोका ऐकू येतो, एखादी टिटवी ओरडून जाते. डोळे मिटू लागतात, पाठ अवघडते, डास चावतात. मचाणावरची रात्र ही मोठी सुखाची असते असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. चांदण्यात रंग कळत नाहीत. निळसर रोही आणि तपकिरी सांबर दोन्ही राखी दिसतात. ओळख पटवायची ती आकारावरून व चालीवरून. रोह्याची पाठ खांद्याकडून मागे उतरती असते. तडसाचीही तशीच असते, पण तडस उंचीने पुष्कळच कमी.

खरी पंचाईत पुढेच असते. समजा, संध्याकाळी सहा वाजता रोह्यांच्या पाच माद्या व दोन पाडसे पाणी पिऊन गेली. रात्री दोन वाजता पुन्हा पाच माद्या आणि दोन पाडसे आली. ही नवी सात की तीच सात? तक्त्यात दोन्ही वेळा लिहावयाच्या आणि शेऱ्यात शंका नमूद करावयाची, हीच योग्य रीत. शेजारच्या पाणवठ्यावर तासाभरापूर्वी दोन पिल्लांसह अस्वलाची मादी दिसली असेल, आणि ती ह्याच दिशेने निघाली असेल, तर सकाळी दोन्ही तक्ते शेजारी ठेवल्यावर उलगडा होऊ शकतो. आकडा मोठा दिसावा म्हणून चौदा रोही लिहिणारा माणूस दोन तक्ते बिघडवितो, स्वतःचा आणि शेजाऱ्याचा.

ह्या मोजणीवरून रानात एकूण किती जनावरे आहेत हे कळते काय? नाही, आणि हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. समजा, गेल्या वर्षी एका पाणवठ्यावर चाळीस जनावरे दिसली आणि ह्या वर्षी बाराच. अठ्ठावीस मेली काय? कदाचित आदल्या आठवड्यात अवकाळी पाऊस पडला असेल, खड्ड्याखड्ड्यांत पाणी साचले असेल आणि ती तेथेच पीत असतील. वाघांच्या बाबतीतही अशीच अडचण होती. १९७२ साली देशभर वाघांची पहिली मोजणी झाली ती पावलांच्या ठशांवरून. मऊ व कोरड्या मातीत एकाच वाघाचे ठसे निराळे उमटतात. म्हणून २००६ पासून देशाच्या मोजणीत रानात लावलेल्या आपोआप चालणाऱ्या कॅमेऱ्यांचा आधार घेतला जाऊ लागला. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असल्यामुळे छायाचित्रावरून तो ओळखता येतो. २०२२ च्या मोजणीनुसार भारतात वाघांची सरासरी संख्या ३६८२ असावी, असा अंदाज निघाला. मचाणावरची मोजणी एवढी काटेकोर नाही. तिचा उपयोग निराळा आहे. कोणत्या पाण्यावर काय येते, कोणते पाणी आटले, कोठे टाकी भरावयास हवी, हे तीतून समजते. कारण आता कित्येक पाणवठे माणसाने केलेले आहेत. सिमेंटच्या उथळ बशीसारख्या टाक्यांत टँकरने किंवा सौरपंपाने पाणी सोडतात. पंप बंद पडला की तहानलेला प्राणी पाणी शोधीत गावाच्या विहिरीपर्यंत येतो.

शेतकऱ्याचा रोह्यांशी असणारा संबंध मात्र चांदण्यातला नसतो. पावसाळ्यात सोयाबीनचे कोंब वर आले की कळप शेतात शिरतो आणि रात्रभर जागल करूनही सकाळी अर्धे तास मोकळे दिसतात. शेकडो रोही आहेत, असे तो रागाने सांगतो. शहरातून आलेला पाहुणा मचाणावर तीन पाहतो आणि रोही संपत चालले, असे हळहळून सांगतो. दोघांचेही डोळे खोटे नसतात. दोघांनी मोजलेली जागा व वेळ निराळी असते. रोह्याचे काय करावे ह्याचा विचार करावयाचा, तर दोघांचेही तक्ते पुढ्यात हवेत.

पहाटे पश्चिमेस चंद्र फिका पडतो. वानरे झाडावरून खाली उतरतात. वनरक्षक येतो आणि मचाणावरची माणसे आखडलेले पाय मोकळे करीत शिडी उतरतात. तक्ते गोळा होतात. कोणाच्या तक्त्यात बिबट्या असतो, आणि त्याच्याभोवती लगेच घोळका जमतो. एका तक्त्यात दोन मोर, एक मुंगूस आणि त्याखाली रात्री दहापासून पहाटे पाचपर्यंतच्या प्रत्येक तासापुढे ‘निरंक’ असे स्वच्छ अक्षरात लिहिलेले असते. वनरक्षक तो तक्ता वाचतो, ह्या टाकीत पाणी किती होते असे विचारतो, आणि तोही इतरांबरोबर जपून ठेवतो.