डोमेन घेतले, पण नावाचा हक्क कोणाचा?

डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, आधी मागेल त्याला मिळतो. मात्र त्यामुळे व्यापारचिन्हाचा, म्हणजे मालाची ओळख पटवणाऱ्या नावाचा, हक्क मिळत नाही. 'रेडिफ'च्या स्पेलिंगमधील 'ई'च्या जागी 'ए' घालून केलेल्या डोमेनला मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये मनाई केली, आणि २००४ मध्ये 'सिफी' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डोमेनलाही 'पासिंग ऑफ'चे, म्हणजे दुसऱ्याच्या नावलौकिकावर आपला धंदा खपवण्याविरुद्धचे, संरक्षण दिले. शिर्डीत हा प्रश्न फार नाजूक आहे, कारण 'साई' हे नाव तेथील कितीतरी लॉजच्या पाट्यांवर दिसते आणि त्यावर एकाचीच मक्तेदारी मानणे कठीण आहे. तरीही तेथील साईबाबा मंदिर सांभाळणाऱ्या संस्थानच्या 'साई डॉट ओआरजी डॉट इन'शी मिळताजुळता पत्ता घेऊन भक्तनिवासाची खोली देण्याच्या बहाण्याने पैसे घेणे ही उघड दिशाभूल ठरते. 'डॉट इन'वरील असे वाद लवादाकडे नेता येतात.